बाभळीचा काटा, बाभळीची साल

झाडाच्या सालीत कमावलेलं, रंग न दिलेलं चामडं चैत्राच्या उन्हात ठेवावं आणि आपल्या कामाला लागावं. सुरुवातीला ते फिकट असतं, कोवळं, काहीसं लाजरं. मग रोज थोडं थोडं आत वळत जातं, पिवळसर होतं, तांबूस होतं, आणि वैशाखात अमरावतीचा पारा 45 च्या आसपास घुटमळू लागतो, गच्चीच्या फरशीवर पाय टेकवत नाही, भर दुपारी राजकमल चौकातली वर्दळही पातळ होते, कूलरमधल्या ओल्या खसाचा वास घराघरांतून बाहेर झिरपतो, तोवर त्या चामड्यावर मधाची झाक उतरलेली असते. कुणी रंग लावलेला नसतो. ऊन मुरलेलं असतं.

या रंगापायी मी या छंदात शिरले. वऱ्हाडात जन्म काढला तो उन्हापासून डोकं झाकत, शेला बांधत, खिशात कांदा घेऊन बाहेर पडणाऱ्या वडिलांना पाहत. तेच ऊन एका वस्तूत उतरतं, हाताला लागतं, त्याचा पट्टा करून मनगटावर बांधता येतो, हे चाळिशी ओलांडल्यावर कळलं. कळलं आणि सुटेना.

चामडं म्हणजे थांबवून धरलेली नासाडी. जनावर मेलं की कातडं लगेच कुजायला लागतं, विशेषतः आमच्या हवेत. त्याला मीठ लावायचं, चुन्याच्या पाण्यात टाकायचं, केस काढायचे, उरलेलं मांस रापीनं सोलायचं, चुना धुऊन काढायचा आणि मग सालींच्या गडद काढ्यात आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही, बुडवून ठेवायचं. आपल्याकडे हा काढा बाभळीच्या सालीचा, तरवडाच्या सालीचा, हिरड्याचा. तरवड माळावर पिवळाजर्द फुलतो, हिरडा मेळघाटच्या डोंगरात पिकतो आणि बाभूळ तर प्रत्येक शेताच्या धुऱ्यावर उभीच. त्या काढ्यातलं टॅनिन कातड्याच्या तंतूंना जाऊन बिलगतं, त्यांच्यातलं पाणी हटवतं, आणि मग कुजणं त्या वाटेनं येत नाही. हे पुस्तकात वाचलं होतं, पण पटलं ते इतवाऱ्यातून आणलेला हिरडा चावल्यावर. जीभ एकदम आक्रसली, गालांची आतली बाजू कोरडी, खरखरीत होऊन दातांकडे ओढली गेली. कातड्याला होतं ते हेच. आजी नातवंडांसाठी बाळहिरडा सहाणेवर उगाळायची, आईच्या दुधात कालवून त्याचं बोट चाटवायची. नव्या जिवाच्या ओठांवर आणि गेलेल्या जिवाच्या कातड्यावर एकच फळ उगाळलं जात होतं, एकाच गावात, एकमेकांकडे न पाहता.

आता बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. जर्मनीत 1858 मध्ये क्नाप नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं ही वाट दाखवली आणि 1884 मध्ये अमेरिकेत शुल्ट्झनं तिचं पेटंट घेतलं. आठवड्यांचं काम एका-दोन दिवसांवर आलं. असं कमावलेलं ओलं चामडं निळसर दिसतं, नंतर त्याला हवा तो रंग देतात. ते मऊ असतं, पाण्याला दाद देत नाही, जगभरचे बूट आणि बॅगा त्याचेच होतात. माझं त्याच्याशी भांडण नाही. पण त्याच्यात ऊन मुरत नाही, आणि हातानं चामड्याचं काम नव्यानं सुरू करणाऱ्याला मी सालीत कमावलेलाच तुकडा घ्यायला सांगते. म्हशीचा, दोनेक मिलिमीटर जाडीचा, खांद्याचा असला तरी चालेल. चुकला तरी तो बोलतो आपल्याशी.

माहेर अकोल्याचं. बडनेऱ्याला गाडीत बसलं की कुरूम, मूर्तिजापूर, बोरगाव मागे पडत जातात, खिडकीबाहेर काळी जमीन, कपाशी, तूर, कुठे नुसतं नांगरलेलं उघडं रान, आणि मधूनमधून ती बाभूळ. अकोल्यात, जुन्या शहराकडे जाणाऱ्या एका रस्त्याच्या कडेला, समाजकल्याण खात्याच्या योजनेतून मिळालेल्या पत्र्याच्या गटई स्टॉलमध्ये माझे गुरू बसतात. त्यांचं नाव इथे लिहू नये असं त्यांनीच सांगितलं. मी त्यांना काकाजी म्हणते. समोर पाण्याची कुंडी, मेणाचा काळपट गोळा, आरी, मोगरी, गुळगुळीत झालेला दगड, आणि धार लावून लावून निम्मी उरलेली रापी. शाळेत असताना इथेच माझ्या सँडलचे बंद शिवून घेतले होते. तेव्हा हात पाहिले नव्हते, फक्त सँडल पाहिली होती.

शिकवाल का, असं विचारल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. एक सोल ठोकून झाला, दुसरा झाला. मग म्हणाले, "तुमाले कायले पाह्यजे हे, ताई?"

त्या प्रश्नात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मला उत्तर देता येईना, कारण जे काम त्यांच्या वडिलांना, आजोबांना, त्यांच्या आधीच्या सगळ्यांना जन्माबरोबर चिकटलं होतं, ते मी रविवारच्या मोकळ्या वेळासाठी मागायला आले होते. त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. मागच्या पोत्यातून चामड्याचा एक मोठा तुकडा काढून माझ्या मांडीवर ठेवला. "पयले हातानं पाहा. डोयानं नोका पाहू."

मग मी डोळे मिटले. तळव्याखाली एक आख्खं जनावर पसरलेलं होतं. पाठीकडे चामडं दाट, घट्ट, बोटाला जागा न देणारं. खांद्याशी वळ्या, मान वर-खाली करताना आयुष्यभर पडलेल्या. पोटाकडे ते सैल, विरळ, ओढलं की लांबणारं, जसं श्वासागणिक फुगत-ओसरत राहिलं होतं तसंच अजूनही. पट्टा काढायचा तर पाठीतून काढावा, त्याला ताण सोसायचा असतो, आणि पोटाचा भाग अस्तराला, लहानसहान खिशांना ठेवावा, हे काकाजींनी सांगण्याआधी हातानं ओळखलं होतं. मधेच बोटांना एक बारीक, लांब ओरखडा लागला. पुढे आणखी एक. उघडून पाहिलं तर फिकट रेघा होत्या, भरून आलेल्या जखमांच्या.

"बाभयीचा काटा," काकाजी म्हणाले. "चरता चरता लागते."

आणि ते चामडं बाभळीच्या सालीत कमावलेलं होतं. ज्या झाडाखाली ती म्हैस उन्हात सावलीला थांबली असेल, ज्याच्या शेंगा तिनं खाल्ल्या असतील, ज्याच्या काट्यानं तिचं अंग चिरलं असेल, त्याच झाडाच्या अंगानं तिला मेल्यावर कुजू दिलं नाही. मी तो ओरखडा पुन्हा पुन्हा चाचपत राहिले. पुढे त्या तुकड्यातून किल्ल्यांचा पट्टा केला तेव्हा तो ओरखडा मुद्दाम वरच्या बाजूला घेतला. बाजारात अशा खुणा घासून काढतात, वर एकसारखा दाणा छापतात. मला ती खूण हवी होती. ती गेली तर मग रेक्झिन काय वाईट?

स्पर्शाचं हे सगळं शिकताना एक गोष्ट मनातून हलत नाही. चामड्याइतकी स्पर्शावर उभी असलेली विद्या दुसरी क्वचित असेल. जाडी बोटांत कळते, ओल गालाला लावून कळते, धार अंगठ्याच्या पेरावर कळते. आणि ज्यांच्या बोटांत ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या वसली, त्यांच्याच स्पर्शाचा गावानं विटाळ मानला. मेलेलं जनावर ओढून नेणारे वेगळे, कातडं कमावणारे वेगळे, वहाण शिवणारे वेगळे; वेशीबाहेर मात्र सगळेच. मळ्यातल्या विहिरीवर चामड्याची मोट भरून यायची, थारोळ्यात पाणी फेसाळत पडायचं, बैल धावेवरून मागे सरायचे, आणि ते पाणी ओंजळीनं सगळा गाव प्यायचा. ती मोट ज्यानं थेंब न गळेल अशी शिवली, त्याच्या हातचा तांब्या कुणाला चालत नव्हता. देवळात मृदंगाची पुडी घुमायची, पुडी करणारा पायरीखाली.

माझ्या घरातल्या, नात्यातल्या जुन्या माणसांनी हे पाळलेलं आहे. त्यामुळे रापी हातात घेताना मला नुसती हौस वाटत नाही.

नोव्हेंबर 1927 मध्ये अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली होती, अंबादेवीचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून, आणि अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला त्यांनी मृत जनावराचं मांस सोडा, लाचारी सोडा असं आपल्या माणसांना सांगितलं होतं. पुढे गावोगाव लोकांनी मेलेली ढोरं ओढणं बंद केलं, आणि त्यासाठी मारही खाल्ला, बहिष्कारही सोसला. दुसऱ्या बाजूला, आमच्या शेजारच्या वर्ध्याला, नालवाडीत, गांधीजींच्या प्रेरणेनं गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं. आपसूक मेलेल्या जनावरांचं कातडं नीट कमवावं, त्या कामाला प्रतिष्ठा मिळावी, ही त्यामागची तळमळ. गांधीजींनी स्वतः दक्षिण आफ्रिकेत चपला करायची कला शिकून घेतली होती आणि तिथे त्यांना तुरुंगात टाकणाऱ्या जनरल स्मट्‌स यांना आपल्या हातची एक जोडी दिली होती. स्मट्‌स यांनी ती वर्षानुवर्षं वापरली आणि 1939 मध्ये, गांधीजींच्या सत्तरीला, आदरानं परत पाठवली.

या दोन वाटांविषयी मी खूप विचार करते. नालवाडीची तळमळ मला खोटी वाटत नाही. तरी काम सोडणाऱ्यांची वाट मला अधिक खरी वाटते, कारण आधी सोडता आलं पाहिजे. काकाजींचा मुलगा आयटीआय करून वीजतंत्री झाला आहे. त्यानं आरीला कधी हात लावला नाही, हे सांगताना काकाजींचा चेहरा उजळतो. आणि तोच चेहरा माझ्या टाक्यांवरून बोट फिरवताना, टाका बरा पडला असेल तर, अगदी वेगळ्या तऱ्हेनं उजळतो. हे दोन्ही उजेड एकाच माणसाचे आहेत. मी त्यांच्यातला एक निवडू शकत नाही, आणि निवडायला मी कोण?

टाक्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण या कामातला माझा सगळ्यात लाडका वेळ तोच. शिवणयंत्रात दोन दोरे एकमेकांत अडकवलेले असतात, एक तुटला की शिवण उसवत जाते. हाताच्या शिवणीत दोरा एकच, त्याच्या दोन्ही टोकांना दोन बोथट सुया. आधी चामड्यावर रेघ आखायची, रेघेवर सारख्या अंतरानं खुणा पाडायच्या, मग आरीनं तिरपं भोक पाडायचं आणि त्या एकाच भोकातून डावीकडची सुई उजवीकडे, उजवीकडची डावीकडे. दोन्ही हात बाजूला उघडून सारख्याच जोरानं ताण द्यायचा. पुढचं भोक. पुन्हा दोन्ही सुया, पुन्हा उघडलेले हात. खोगीर शिवणारे जगभर असंच शिवत आले. एका जागी दोरा झिजून तुटला तरी त्याच भोकातून उलटा गेलेला दुसरा पदर शिवण धरून ठेवतो. युरोपातले कारागीर यासाठी लिननचा दोरा घेतात, म्हणजे जवसाच्या ताटाचा. आमच्याकडे जवस पेरतात ते बियांसाठी, तेलाला आणि चटणीला. मी कापसाचा पीळदार दोरा घेते. वऱ्हाडात बसून दुसरा दोरा घ्यावासा वाटत नाही. त्याला मेण लावताना, मेणाच्या गोळ्यावरून तो पुन्हा पुन्हा ओढताना, आई देवासाठी वाती वळायची तशी बोटं आपोआप चालतात आणि दोरा हळूहळू गप्प होतो, त्याचे बारीक केस बसतात, तो ताठ, गुळगुळीत, कामाला तयार होतो.

शिवताना मी बोलत नाही, रेडिओही लावत नाही. भोकातून दोरा सरकताना एक बारीक आवाज येतो, तो ऐकायचा असतो. बाहेर दुपार तापलेली, पंख्याचा फिरता वारा, गुडघ्यांमध्ये लाकडी चिमट्यात धरलेलं चामडं, आणि हात उघडतात, मिटतात, उघडतात. मनात कालचं काही राहिलेलं असतं, कुणाचं तोडून बोललेलं, कुणाला सांगायचं राहून गेलेलं. शिवण पुढे सरकते तशी ती सगळी माणसं एकेक करून येऊन बसतात आणि निघूनही जातात. शेवटच्या भोकाशी आलं की दोन टाके मागे यायचं, दोरा कापायचा.

मग कड. कडेला जरा पाणी लावून लाकडानं घोटत राहिलं की उघडे तंतू बसतात, चमक येते. चामडं ओलं असतं तेव्हा ते काहीही धरून ठेवतं. नखाचा अर्धचंद्र उमटला तर तो वाळल्यावर तसाच राहतो. मोड दिली तर मोड राहते, ठोकळ्यावर बसवून बोटांनी दाबलं तर त्या वस्तूचा आकार राहतो. 2008 मध्ये आर्मेनियातल्या एका गुहेत सुमारे 5500 वर्षांपूर्वीचं पायताण सापडलं. गाईच्या चामड्याचा एकच तुकडा, पायाभोवती गुंडाळून वादीनं ओवलेला, आत गवत भरलेलं. त्याचं छायाचित्र मी काकाजींना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवला, बोटांनी चित्र मोठं केलं, आणि वादी कुठून सुरू होऊन कुठे संपते ते बराच वेळ शोधत राहिले. कोणत्या देशातलं, किती जुनं, हे विचारलंच नाही. "सोल येगया नाई याले," एवढंच म्हणाले, आणि पुन्हा पाहिलं.

आताशा मला सगळीकडे चामडं दिसतं. पेटीच्या भात्याच्या घड्यांत, तबल्याच्या ताणलेल्या वाद्यांत. गुरुकुंज मोझरीला गेलं की तुकडोजी महाराजांची खंजिरी आठवते, आणि तिच्या नादाआधी मनात येतं ते चौकटीवर ओलं कातडं ओढून बसवणाऱ्या कुणाचे तरी हात. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात आले. ते व्हायलाच हवं होतं. वऱ्हाडातल्या जाड्याभरड्या, एरंडेल पाजून मऊ केलेल्या वहाणेला मात्र कधी नाव मिळालं नाही. काळ्या चिखलातून, पऱ्हाट्यांच्या खुंटांवरून ती चालली, आणि करणाऱ्यांबरोबर संपत आली. काकाजींना ती अजून करता येते. मागणारा कुणी नाही. मी मागितली आहे, माझ्या पायाच्या मापाची, आणि प्रत्येक पायरीला शेजारी बसून पाहणार आहे.

त्याआधी पोळा आहे. दर्यापूरकडे शेती करणाऱ्या माझ्या चुलतभावानं यंदा गोऱ्ह्याला पहिल्यांदा सजवायचं ठरवलं आहे, आणि बाजारातल्या नायलॉनच्या पट्ट्याऐवजी घुंगरमाळ चामड्याच्या पट्ट्यावर हवी असं त्याचं म्हणणं आहे. त्यासाठी पाठीतलं जाड चामडं काढून ठेवलं. पितळी घुंगरं मूर्तिजापूरच्या एका जुन्या घरातून आली, कोकमाच्या पाण्यानं घासून उजळली. चुलतभावानं गोऱ्ह्याच्या गळ्याला सुतळी गुंडाळून माप घेतलं आणि ती सुतळीच पाकिटात घालून पाठवली. तिला शेणाचा, गवताचा, कोवळ्या जनावराच्या अंगाचा वास होता. मी ती पट्ट्यावर ठेवून खूण करू लागले तर काकाजींनी हात धरला. सुतळी त्यांनी आपल्या बोटांभोवती एकदा गुंडाळून पाहिली, सोडली.

"गोऱ्हा हाय अजून, मान भरन त्याची. पट्टा वीतभर लांब ठेवा, अन्‌ भोकं दोन-तीन जास्तीची पाडा."